शिशाची ढाल

मानेतल्या कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचे होते. यंत्रवाल्यानं आधी तिच्या नवऱ्याला बाहेर काढलं, मग तिच्या सहा महिन्यांच्या पोटावर शिशाची जाड ढाल ओढली. तिचे हात आपसूक ढालीखाली, पोटावर गेले.

"हात बाजूला, ताई. हातानं किरण अडत नाहीत."

"ढालीतून बाळापर्यंत कितीसे जातात?"

"अगदी नावापुरते."

"मग तुम्ही कशाला पळता बाहेर?"

तो ओशाळला. "आमचं रोजचंच आहे ना, ताई," म्हणाला आणि निघाला.

जड दार लागलं. यंत्र घरघरू लागलं. ती जीव मुठीत धरून निपचित पडली.

तेवढ्यात शिशाखाली बाळानं लाथ मारली. बाहेर जा, असं त्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.