सहा महिन्यांचा कोर्स

शरफुन्निसाचं आपल्या मुलाबद्दलचं गाऱ्हाणं एकच होतं, पण ते रोजचं होतं. नदीम कामावर जाताना आईला कुलपात घालून जायचा. सकाळी साडेसहाला तो, सून अफशाँ आणि नात इफरा अशी तिघं बाहेर पडत. दार ओढलं जायचं, चावी दोनदा फिरायची आणि मग दारापलीकडून नदीमचा आवाज यायचा, "अम्मा, आराम कर." हे तो आईला सांगतो की दाराला, ते तिला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. त्याच्या बापाने हयातीत कोंबड्यासुद्धा दिवसाउजेडी डालल्या नव्हत्या. पोराने ही विद्या कुठून उचलली, अल्लाला ठाऊक.

अफशाँ इंडियन स्कूलमध्ये शिकवायची, इफरा तिथेच सहावीत होती. दोघी दुपारी दोनला परतायच्या. तोवर तिसऱ्या मजल्यावर शरफुन्निसा, तीन खोल्या आणि घोंघावणारा एसी. खिडकीतून बघावं तर समोर आपल्यासारखीच इमारत, तिच्यामागे तशीच आणखी एक. कुणी ओळखीचं खालून जात नाही, कुणी वर बघत नाही. गावी दाभोळच्या खाडीकाठी तिच्या घराचं दार पहाटेच्या फजरला उघडलं की रात्रीच्या इशाला लागायचं. मधल्या वेळात निम्मं गाव पडवीत बसून जायचं. इथे सौदीतल्या बुरैद्यात दाराला आतून कडी होती, पण तिचा काय उपयोग. कडी लावायची ती बाहेरच्याला अडवायला. इथे तर आतलंच माणूस अडवलेलं.

कुलपाला कारण होतं, तेही ती नाकारत नव्हती. ती आल्यावर पहिला आठवडा दार उघडंच असायचं. एका सकाळी ती पाय मोकळे करायला खाली उतरली. जाताना तिने नीट खूण धरली. आपल्या इमारतीखाली खजुराच्या पेट्यांनी लादलेली पांढरी गाडी. गावी ती अशीच खूण धरायची, अमक्याचा माड, तमक्याची विहीर. पण माड जागचा हलत नाही, गाडी हलली. परत येताना पेट्यांची गाडी जिच्याखाली दिसली त्या इमारतीचे तीन जिने ती चढली आणि बेल दाबली. दार उघडलं तिच्याच वयाच्या एका सौदी बाईने. सलाम सोडला तर दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नव्हतं. तरी त्या बाईने तिला बसवलं, कहवा ओतला, खजुराची ताटली पुढे केली. छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं, उम्म सालेह. मग स्वतःचा गुडघा चोळून दाखवला. शरफुन्निसाने आपला दाखवला. दोघी पोट धरून हसल्या. असे दोन तास गेले.

तेवढ्या वेळात, घरचा फोन कुणी उचलेना म्हणून, नदीमने खजुराच्या गोदामातलं काम टाकून चार गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. शेवटी उम्म सालेहच्या मुलाने शरफुन्निसाच्या बटव्यातली नंबराची चिठ्ठी बघून त्याला फोन लावला. नदीम आला तो घामाने निथळत, ओठ पांढरे पडलेला. आईला घट्ट धरून जिना उतरवला. दुसऱ्या दिवसापासून कुलूप.

"अरे, आग लागली तर मी काय करू?" तिने विचारलं होतं.

"फोन दिलाय ना, अम्मा. मी दहा मिनिटांत येतो."

"तोवर मी जळत बसू, आरामात."

यावर त्याने चावी खिशात टाकली होती. बसून बसून मग तिचं पोट बिघडलं. बिघडलं म्हणजे बसलंच. तीन-तीन दिवस साफ होईना. वय झालेली बाई अशी गोष्ट मुलाला सांगत नाही, सुनेला सांगते, आणि सून नवऱ्याला सांगते. त्याच आठवड्यात नदीम एक हिरवी बाटली घेऊन आला.

"आमच्या गोदामातला विनय घेतो ह्या कॅप्सूल," तो म्हणाला. "हिरव्या पाल्याचं फायबर आहे, अम्मा. आठवडाभर घेऊन बघ. फरक पडला तर सहा महिन्यांचा कोर्स मागवतो. एकदम मागवला तर दोन बाटल्या जादा देतात."

बाटलीकडे निघालेला शरफुन्निसाचा हात वाटेतच थांबला.

"सहा महिने?"

"व्हिसा वाढवून घेतोय तुझा."

तिचा व्हिजिट व्हिसा संपायला तीन आठवडे उरले होते. मनातल्या मनात तिने बॅग भरायला घेतली होती. कुणाला बुरैद्याचा खजूर द्यायचा, कुणाला जपाची तसबीह, हेही ठरवून झालं होतं.

"मला कुणी विचारलं?"

"तिकडे एकटी काय करणार तू? गेल्या पावसाळ्यात पडलीस तेव्हा रात्रभर कुणाला पत्ता नव्हता." तो म्हणाला. "इथे निदान आमच्या नजरेसमोर आहेस."

"तुझी नजर सकाळी साडेसहाला जाते, ती संध्याकाळी येते."

नदीमने बाटली टेबलावर ठेवली. "आठवडा बघ, अम्मा. तू सांगशील तसं करू."

आता खरं तर तिला दोनच शब्द पुरले असते. आठवड्याने 'फरक नाही' म्हणायचं, कोर्स बारगळला, आणि कोर्स बारगळला की व्हिसाचंही बोलता आलं असतं. सकाळी दार बंद झाल्यावर ती बाटलीसमोर बसून याच विचारात होती. पण खोटं बोलायचं म्हटलं की तिची जीभ वळायची नाही. खाडीकाठच्या बायका मासा ताजा की शिळा हे विचारायला तिच्याकडे येत, ते काय उगाच. सख्ख्या नणंदेच्या लग्नात तिने भर मांडवात सुरमई परत पाठवली होती, नणंद वर्षभर बोलली नव्हती. मासा आवडत नाही म्हणून कुणी त्याला शिळा म्हणत नाही. शिळा असेल तरच म्हणायचं. आणि ते सांगायचं तर आधी कल्ला उघडून बघायचा.

तिने कॅप्सूलचा कल्ला उघडला. दोन्ही टोकं पिळून टोपी काढली आणि भुकटी बशीत ओतली. हिरवी म्हणायची एवढंच, रंग वाळक्या पेंढ्याचा. वासही तोच. जिभेवर ठेवली तर कडवट, पण कुजकी नाही. पेलाभर पाण्यात टाकली तर तासाभरात जरा फुगून तळाला बसली. इसबगोल असता तर एव्हाना पेल्यात चमचा उभा राहिला असता.

सांगितल्याप्रमाणे तिने रोज सहा घ्यायला सुरुवात केली. सकाळी तीन, दुपारी तीन. नदीमने डबीत तिच्या थायरॉइडच्या गोळीशेजारीच त्या भरून ठेवल्या होत्या. घोटभर पाण्यासोबत ती गिळायची, कारण पाणी जास्त प्यायलं की गुडघे धरून मोरीपर्यंत जायला लागायचं. तीन दिवसांनी पोट होतं त्याहून घट्ट झालं. आता तर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणता येत होतं. तरी तिच्या मनाला ते पटेना. विकणारा एवढं ठासून सांगतो, विनय म्हणे घेतो, मग आपल्यालाच उलटं का?

दुपारी इफरा आल्या आल्या तिने तिला पकडलं. "ये गो बाय इकडे. ह्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. एक अक्षर सोडायचं नाही."

"दादी, बहोत छोटा लिखा है."

"तुझे डोळे नवे आहेत. वाच."

इफरा वाचत गेली, अडेल तिथे हिंदीत सांगत गेली. सहा कॅप्सूलमध्ये मिळून तीन ग्रॅम भुकटी, त्यात फायबर दोन ग्रॅम. कोणता पाला किती, ते लिहिलेलंच नव्हतं, सगळ्यांचं मिळून एकच वजन. प्रत्येक वेळी मोठा ग्लासभर पाणी प्यावं. दुसऱ्या औषधांपासून दोन तास दूर ठेवावं.

"दोन तास?" शरफुन्निसाने डबीकडे बघितलं. "आणि तुझ्या अब्बूने दोघांना एका खोलीत निजवलंय. पुढे?"

"हे भाजीच्या बदली नाही. जेवणात भाजी पाहिजे, और रोज़ चलना चाहिए."

"काय पाहिजे?"

"चलना, दादी. वॉकिंग."

"कुणी लिहिलंय हे?"

"कंपनीने."

शरफुन्निसाने इफराला अफशाँच्या केकचं सामान तोलायच्या काट्यावर भाजीची एक मूठ ठेवायला लावली. शुक्रवारी बाजारातून आलेली रिजला, म्हणजे आपली घोळच. पहिल्यांदा ती जुडी बघितली तेव्हा तिला इतकं बरं वाटलं होतं की निवडताना ती देठांशी बोलत होती. मूठ भरली शंभर ग्रॅम. इफराने मोबाइलवर शोधून सांगितलं, एवढ्या पालेभाजीत साधारण दोन ग्रॅम फायबर, कमीजास्त.

"म्हणजे सहा गोळ्या आणि ही एक मूठ, सारखंच."

"लगभग, दादी."

तरी निकाल तिने दिला नाही. चौथ्या दिवसापासून तिने थायरॉइडची गोळी पहाटे वेगळी घेतली, कॅप्सूल उशिरा, आणि वर मोठा ग्लासभर पाणी. गुडघे धरून मोरीच्या फेऱ्या केल्या, स्वतःलाच चार शिव्या घालत. सहाव्या दिवशी पोट साफ झालं. तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी धसकाही बसला. फरक पडला होता. आता विचारलं तर काय सांगणार? त्या दिवशी दुपारपर्यंत ती खिडकीशी उभी होती. समोरच्या इमारतीची एकसारख्या खिडक्यांची रांग बघताना तिला सहा महिन्यांच्या सकाळी एकामागे एक दिसत होत्या, सगळ्या साडेसहाच्या, सगळ्यांना चावी दोनदा फिरलेली.

मग तिच्या डोक्यात आलं की फरक पडला खरा, पण कशाने? गोळीने की पाण्याने? मासळीचं कालवण चांगलं झालं तर मासा चांगला होता की कोकम, ते कोकम न घालता एकदा रांधल्याशिवाय कसं कळणार.

त्यानंतरचे चार दिवस तिने कॅप्सूल बाजूला ठेवल्या आणि बाकी सगळं केलं. पाणी तेवढंच. दुपारी मूठभर घोळ, लसूण घालून. आणि चालणं. जेवणाच्या टेबलाभोवती, हॉलमधून खोलीत, खोलीतून दारापर्यंत. दारापाशी पोचली की हात आपोआप मुठीवर जायचा, मूठ खाली व्हायची, दार तिथेच. मग वळायचं. फेऱ्या तिने तसबीहच्या मण्यांवर मोजल्या, अल्लाची माफी मागून. पहिल्या दिवशी तेहतीस, चौथ्या दिवशी नव्व्याण्णव. नव्व्याण्णव वेळा ती दारापाशी गेली आणि नव्व्याण्णव वेळा परत आली. पोट रोज साफ झालं. गुडघा दुखला, पण तो चाललेल्या माणसाचा गुडघा दुखतो तसा.

आठवडा उलटून गेल्यावर, अकराव्या दिवशी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर नदीम सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला. अफशाँ वह्या तपासत होती, इफरा तिच्या पायाशी.

"अम्मा, मागवू ना कोर्स? अफशाँ म्हणाली, तुला फरक पडलाय."

"पडलाय," शरफुन्निसा म्हणाली.

नदीमचा चेहरा उजळला. त्याने बोट उचललं.

"बोट खाली ठेव. माझं झालेलं नाही."

अफशाँने पेन बंद केलं. शरफुन्निसा टेबलाची कड धरून उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. घोटभर पाण्यातले तीन दिवस, ग्लासातले तीन दिवस, आणि गोळीशिवायचे चार. डबीत शेजारी भरलेली थायरॉइडची गोळीही सोडली नाही. नदीम खाली मान घालून ऐकत होता.

"दादी ने पूरा एक्स्पेरिमेंट किया, अब्बू," इफरा म्हणाली. "टेबल के निन्यानबे चक्कर."

"टेबलाभोवती?" नदीमने वर बघितलं.

"मग कुठे? रस्ता तू खिशात घालून नेतोस," शरफुन्निसा म्हणाली.

"अम्मा, तू परत हरवलीस तर?" तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी मला काय काय वाटून गेलं, तुला माहीत नाही. अब्बांच्या वेळी मी पोचलो नाही. तुझ्या वेळी..."

शरफुन्निसा त्याच्याकडे बघत राहिली. चाळिशीचा पुरुष, कानशिलं पांढरी झालेली, आणि तोंड बापाला शेवटचं न बघितलेल्या पोराचं. तिला त्याची दया आली. पण दया आली म्हणून मासा ताजा होत नाही.

"ऐक आता माझं," ती म्हणाली. "तुझी गोळी खोटी नाही. ज्याला भाजी मिळत नाही, चालता येत नाही, त्याने खुशाल घ्यावी, वर पाणी प्यावं. सहा गोळ्यांत एक मूठ घोळ मावते, मी तोलून बघितलीय. पण मला भाजी मिळते आणि मला चालताही येतं, म्हणून ती माझ्या कामाची नाही. मागवू नकोस. तू माझ्या पोटावर औषध आणलंस, नदीम, आणि आजार तुझ्या भीतीचा आहे. त्याची गोळी मी सहा महिने गिळणार नाही. उद्या सकाळी दार नुसतं ओढून घे. मी उम्म सालेहकडे जाईन, दोन्ही इमारतींचे नंबर इफराने मला अरबी आकड्यांत शिकवलेत, आणि पोचले की तुला फोन करीन. असा एक आठवडा बघ. मग व्हिसाचं मला विचार. राहायचं की जायचं, ते मी सांगेन."