इगांगाच्या पुढे

इगांगा गाव मागे पडलं तेव्हा सिस्टर पर्पेतुआंनी ओकेचोच्या नाकाखाली पुन्हा एकदा बोट धरून पाहिलं. मग स्वतःची शाल काढून त्याच्या खांद्यांभोवती गुंडाळली, तिचं एक टोक सीटच्या दांडीला बांधलं आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. पलीकडच्या सीटवर कोंबड्या घेऊन बसलेल्या बाईने त्याची चौकशी केली.

"झोप लागलीय," सिस्टर म्हणाल्या.

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून खोटं निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दवाखान्यांनी हात टेकले की कंपालातली गरीब माणसं त्यांच्या आश्रमात मरायला येत, आणि तिथे सिस्टरची ख्यातीच ती होती. डॉक्टर धीर देतील, नातेवाईक धीर देतील. खरं ऐकायचं असेल तर सिस्टरला विचारा. ओकेचोनेही विचारलं होतं. चौतीस वर्षांचा गवंडी, पोटात गाठ. सिस्टरनी पंधरा दिवस सांगितले होते. आज नववा होता.

त्याने एकच मागणं मागितलं होतं, मरायला घरी न्या. त्याच्या कुळाची रीत कडक. परगावी किंवा वाटेत मेलेल्या माणसाला कुंपणाच्या आत घेत नाहीत, बाहेर गुरांच्या वाटेला पुरतात. त्याचा थोरला भाऊ अपघातात गेला, तो तिथेच पुरलेला आहे, आणि आई पाण्याला जाताना रोज त्या ढिगाऱ्याला वळसा घालून जाते. दोन ढिगाऱ्यांना वळसा घालायची पाळी तिच्यावर येऊ नये, असं तो म्हणाला. सिस्टरनी शब्द दिला. आश्रमाची गाडी गॅरेजमध्ये होती. आज होईल, उद्या होईल म्हणत त्यांनी चार दिवस घालवले आणि शेवटी बस धरली. ते चार दिवस आता त्यांच्या छातीवर बसले होते.

बसमध्ये प्रेत नेत नाहीत. कळलं तर कंडक्टर दोघांना तिथेच रस्त्याला उतरवून देणार आणि तासाभरात त्याच्या गावापर्यंत बातमी जाणार. सिस्टर समोर बघत बसून राहिल्या. एका थांब्यावर कोंबड्यावाल्या बाईने भाजलेली केळी घेतली आणि त्यातलं एक पुढे केलं.

"उठवा त्याला. गरम आहे तोवर खाऊ दे."

"पोटात ठरत नाही त्याच्या."

"मग तुम्ही खा. तुमचं तोंड बघा कसं झालंय."

सिस्टरनी केळं घेतलं आणि सगळं खाल्लं, कारण बाई बघत होती. घास गिळताना प्रत्येक वेळी त्याचं डोकं खांद्यावर हलत होतं. कंडक्टरने येता-जाता थट्टा केली, की आपल्याला कुणी सिस्टरच्या खांद्यावर असं झोपू देत नाही. आजूबाजूची माणसं हसली. सिस्टरही हसल्या आणि लगेच त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांनी डोळे मिटून घेतले.

टोरोरोच्या अलीकडे, आंब्याच्या झाडाखाली बस थांबली. ओकेचोची आई आदिकिनी दोन पुतण्यांना घेऊन सकाळपासून तिथे उभी होती. उतरवायला म्हणून कंडक्टरने ओकेचोचे पाय धरले आणि त्याची बडबड बंद झाली. त्याने सिस्टरकडे पाहिलं. मग पाय आदिकिनीच्या हातात दिले आणि बसवर थाप मारून ती पुढे सोडली.

आदिकिनी ते पाय धरून क्षणभर उभी राहिली. मग तिने अंगावरचं वरचं फडकं सोडून लेकाला पायांपासून गळ्यापर्यंत घट्ट झाकलं.

"आलास बाबा," ती म्हणाली. "फार दमवलं तुला रस्त्याने."

पुतण्यांनी त्याला चादरीच्या झोळीत घेतलं. ती डोक्याशी चालत होती आणि सगळी वाट त्याच्याशी बोलत होती, शेळी व्यायली, नाचणी चांगली आलीय, छप्पर नवं घातलं. कुंपणाच्या तोंडाशी म्हातारा चुलता ओब्बो काठी घेऊन उभा होता. त्याने हाक मारली, पोरगा का बोलत नाही म्हणून विचारलं. आदिकिनी थांबली नाही. आधी त्याच्या पोटात पेज जाऊ दे, मग काय ते बोला, असं म्हणत तिने झोळी आत नेली आणि दार लावून घेतलं.

पेजेचं भांडं आत गेलं. बऱ्याच वेळाने घरातून तिचा आक्रोश उठला आणि शेजारच्या बायका धावत आल्या.

पुरुष अंगणात जमले. ओब्बो सिस्टरसमोर येऊन बसला. माणूस वाईट नव्हता. ओकेचोच्या थोरल्या भावाला बाहेर पुरायचा निर्णय त्यानेच दिला होता आणि तेव्हा तो स्वतः दोन दिवस जेवला नव्हता.

"सिस्टर, घरात आल्यावर प्राण गेला म्हणते त्याची आई. पण बायका रडताना काहीही बोलतात. तुमचा शब्द आम्ही मानतो. कुंपणातून आत आला तेव्हा त्याचा श्वास चालू होता?"

"होता," सिस्टर म्हणाल्या.

ओब्बोने मान हलवली आणि ओकेचोच्या बापाच्या थडग्याशेजारची जागा काठीने दाखवली. पोरं कुदळी आणायला गेली.

संध्याकाळी आदिकिनी बाहेर आली आणि सिस्टरशेजारी चटईवर बसली. तिचा आवाज पार बसला होता.

"पाय गार होते."

"हो."

"कुठे गेला?"

"इगांगाच्या पुढे."

"काही बोलला?"

"खिडकी लावून घ्या म्हणाला. धूळ येत होती."

"लहानपणापासून तसाच," आदिकिनी म्हणाली. तिला हसू येऊ पाहत होतं, पण मधेच तिचं तोंड वाकडं झालं. ती रडली आणि सिस्टरनी तिला रडू दिलं. मग तिने डोळे पुसले.

"तुम्ही हे फादरना कन्फेशनमध्ये सांगाल."

"सांगावं लागेल."

"नका सांगू. ते बाहेर फोडायचे नाहीत, ठाऊक आहे मला. पण तुम्ही म्हणाल, माझ्या हातून पाप झालं. माझा लेक बापाजवळ निजलाय, त्याला कुणी पाप म्हणायला नको. तुम्ही तर नकोच."

अंगणात कुदळी चालू होत्या. सिस्टरनी आदिकिनीचा हात हातात घेतला आणि तिला हवं ते वचन दिलं.

कंपालाला परतल्यावर शनिवारी कन्फेशनच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या नाहीत. पाठीचं दुखणं आहे, असं निमित्तही त्यांनी सांगितलं नाही. नुसत्या आश्रमात रोग्यांची अंथरुणं बदलत राहिल्या. रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली. कम्युनियनसाठी सगळ्या सिस्टर एकामागून एक उठल्या. कबूल न केलेलं पाप मनात ठेवून तो प्रसाद घ्यायचा नसतो, हे त्यांनीच कित्येक मुलींना शिकवलं होतं. शेजारच्या तरुण सिस्टर बिबियानाने त्यांना जायला वाट मिळावी म्हणून गुडघे बाजूला घेतले.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारीही त्या तशाच बसून राहिल्या, आणि त्याच्या पुढच्याही. महिन्याभराने बिबियानाने गुडघे बाजूला घेणं सोडून दिलं.