तंत्रींचं नाक

आमच्या प्रयोगशाळेत जंतू ओळखायचं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे डॉ. वादिराज तंत्री यांचं नाक. त्याला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. सर आमचे विभागप्रमुख. सकाळी कल्चरच्या प्लेटांची चळत समोर आली की ते एकेकीचं झाकण उचलतात, डोळे मिटून मोगरा हुंगावा तसा दीर्घ श्वास घेतात आणि जंतूचं नाव सांगून मोकळे होतात. प्लेट हुंगू नये, असा मोठ्या अक्षरांतला फलक त्यांच्याच डोक्यावर टांगलेला आहे. खाली सहीही त्यांचीच आहे.

मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर, अश्विता रै. जन्म इथलाच, उडुपीजवळचा. सरांचं नाक कापायची माझी कधीच इच्छा नव्हती. पण मध्ये सेसप्पा पूजारी आला.

सेसप्पा कंबळ्यात, आमच्याकडच्या रेड्यांच्या शर्यतीत, धावतो. रेड्यांच्या जोडीमागे भाताच्या चिखलातून असा सुटतो की बघणाऱ्याच्या तोंडात चिखल जातो. यंदा हंगाम सुरू होतानाच ताप घेऊन आला. तळपायाला चिरलेली जखम, रक्तात भरपूर साखर आणि प्लीहेत पू. साखरेवर त्याचा उपाय होता तो म्हणजे चहा बिनसाखरेचा घेणं, सोबत मैद्याचे तळलेले दोन गोळीबजे. बाहेर कुणीतरी त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, कारण ताप लांबला की त्याला क्षय म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. त्याची बायको गुलाबी उशाशी उकड्या तांदळाची पेज घेऊन बसायची आणि तो तोंड फिरवायचा.

त्याच्या रक्तातून जंतू वाढला. सरांनी झाकण उचललं, हुंगलं. म्हणाले, स्यूडोमोनास आहे, कातडीवरून नाहीतर नळाच्या पाण्यातून मिसळलेला, टाकून दे.

मी प्लेट टाकली नाही. साखर दिली तरी आंबवायची तसदी न घेणाऱ्या जंतूंचं एक मोठं खानदान आहे. त्यात स्यूडोमोनास नावाजलेला, आणि बाकीचे भाऊबंद त्याच्या नावावर खपून जातात. हा मात्र वेगळा वागत होता. सगळी औषधं हरल्यावर बाहेर काढायचं कोलिस्टिन, त्याला यानं भीक घातली नाही. आणि स्यूडोमोनास ज्याला हसतो त्या साध्या ऑगमेंटिनच्या चकतीभोवती हा साफ मेला. पुढे त्याच्या वसाहतींवर वाळत घातलेल्या पापडासारख्या सुरकुत्या पडल्या. भाताच्या चिखलात राहणारा जंतू, मेलिओइडोसिस या रोगाचा. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक डॉक्टरनं तो परीक्षेपुरता पाठ केलेला असतो आणि पास झाल्याच्या आनंदात विसरलेला असतो.

सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मशीन काय म्हणतं? मशीननं खानदानातला तिसराच कुणीतरी सांगितला होता. "बघ," सर म्हणाले, "मशीनला कळत नाही. नाकाला कळतं."

तोवर सेसप्पाचा रक्तदाब उतरत होता आणि त्याच्या शिरेतून या जंतूला गुदगुल्याही न करणारं औषध जात होतं. मला राग आवरेना. सरांना न विचारता मी वॉर्डात डॉ. मेल्विन लोबोंना कळवलं. त्यांनी लगेच औषध बदलून सेफ्टाझिडिम सुरू केलं. ताप घरातला पाहुणा निघावा तसा निघाला, रेंगाळत, पण निघाला. मोठ्या प्रयोगशाळेतून जंतूच्या नावावर शिक्कामोर्तब झालं. सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मला वास जरा मातकट वाटलाच होता."

आता नियम असा की असली प्लेट ज्यानं हुंगली, त्यानंही तीन आठवडे सल्फाच्या गोळ्या घ्यायच्या. सरांना मी पाकीट दिलं. आयुष्यभर हुंगतोय, मला काय झालंय, असं म्हणून त्यांनी ते खणात टाकलं.

तिकडे सेसप्पाही त्याच सुरात. घरी जाताना त्याला त्याच गोळ्या, पण काही महिने. मध्येच सोडल्या तर जंतू परत येतो, आणि परत आला की माणसाला घेऊन जातो. हे लोबोंनी सांगितलं, मी सांगितलं, गुलाबीनं रडून सांगितलं. ताप गेला, आता गोळ्या कुणासाठी, असं तो विचारत राहिला. त्याला शर्यती दिसत होत्या.

माझा तोल गेला. "तुझा जंतू नुसता हुंगला म्हणून आमच्या मोठ्या डॉक्टरांना याच गोळ्या घ्यायच्या आहेत. आणि तुझ्या तर रक्तात होता."

"घेतात का ते?"

मी त्याचा तापाचा तक्ता चाळू लागले.

"अम्मा, कंबळ्यात आधी मालकाच्या घरची जोडी चिखलात उतरते, मग बाकीच्यांची. मोठ्या डॉक्टरांनी आधी घ्यावी. मग मी."

हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. "मी काय रेडा आहे?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते मी गिळलं आणि दुसरं बोलले.

"सर, त्यानं गोळ्या सोडल्या तर तो मरेल. तुमच्या नाकापायी एकदा मरता मरता वाचलाय."

इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. सरांनी मान वर करून फलकाकडे पाहिलं. मग खण उघडून पाकीट घेतलं आणि माझ्या पुढे चालत वॉर्डात गेले.

सेसप्पा उठून बसला. गुलाबीनं तांब्या पुढे केला. सरांनी गोळी काढली आणि तोंडाकडे नेता नेता सवयीनं नाकाशी धरली.

"हुंगू नका, मारायरे," सेसप्पा म्हणाला, "गिळा."

सरांनी गिळली. सेसप्पानं घसा हलेपर्यंत नीट पाहिलं, मग आपली तोंडात टाकली. गुलाबीनं पदरानं डोळे पुसले. मला हसू येत होतं आणि रडूही.

खाली आल्यावर सकाळची चळत तशीच पडली होती. सरांनी वरची प्लेट हातात घेतली, पण झाकण उचललं नाही.

"अश्विता, गेल्या पावसाळ्यात एक बाई होती. भातलावणीला जाणारी. तिची प्लेटही मातकट होती. मी टाकायला सांगितली होती."

"हो, सर."

"तिचं काय झालं?"

"गेली, सर."