उंबऱ्यावरचं कच्चं पाणी

लागोपाठ चौथ्या दिवशी साध्वी नम्रयशाश्रीजी धीरजबेनच्या पायऱ्या चढल्या, आणि समोरच्या दारात हात जोडून उभ्या असलेल्या जासूदबेनच्या अंगाची लाही लाही झाली.

घरं समोरासमोर, सख्ख्या जावांची. राधनपूरच्या त्या जैनांच्या शेरीत, अरुंद गल्लीत, दोन ओट्यांमध्ये अंतर ते केवढं, एका घरातल्या फोडणीनं दुसऱ्या घरात शिंका याव्यात एवढं. धीरजबेनच्या फोडणीनं मात्र कुणाला शिंक येत नसे, कारण तिला ती धड देताच येत नसे. डाळ पाण्यासारखी, पोळी एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं काळी. ज्या शेरीत शंभर पिढ्यांत कुणी कांदासुद्धा चिरला नाही आणि तरी नुसत्या मुगाचे बावीस पदार्थ बायका बोलता बोलता करतात, तिथं ही धीरजबेन म्हणजे हसण्याचा विषय होता. आणि तिचीच काळी पोळी रोज साध्वीजींच्या लाल लाकडी पात्रात पडत होती.

साध्वीजी म्हणजे जासूदबेनची मयणा. एकुलती एक, पोटची पोर. सात वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना तिनं दीक्षा घेतली आणि पांढऱ्या वस्त्रात, अनवाणी, गावातून चालत निघून गेली. त्यानंतर ती थेट या वर्षी दिसली. गुरुणीजींनी पावसाळ्याचे चार महिने राधनपूरच्या उपाश्रयात, साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, काढायचं ठरवलं, म्हणून.

आता लेकीला जवळ घ्यायचं नाही, ‘मयणा’ म्हणून हाक मारायची नाही, उलट आपणच तिच्यापुढे वाकायचं आणि ‘महाराजसाहेब, सुखशाता आहे ना?’ असं विचारायचं, हे सगळं जासूदबेननं गिळलं होतं. तिचं मागणं एकच होतं. या चार महिन्यांत एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचं अन्न लेकीच्या पात्रात पडावं. चारातले तीन महिने सरले होते.

चूक कुणाची म्हणाल, तर जासूदबेनची स्वतःची, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर जास्त जळत होतं.

पहिल्याच दिवशी मयणा एका थोराड साध्वीबरोबर दारात आली. ‘धर्मलाभ!’ म्हणाली. जासूदबेननं पहाटेपासून राबून पुरणाची वेढमी, खांडवी, ढोकळी, मुगाच्या डाळीचा शिरा असे अकरा पदार्थ मांडले होते. मयणानं चुलीकडे एकदा पाहिलं.

“घरात माणसं किती, जासूदबेन?”

आईला नावानं हाक. तेही जासूदबेननं गिळलं. “दोघं. मी आणि हे.”

“कुणी पाहुणे यायचेत?”

“नाही, पण...”

“धर्मलाभ,” म्हणून ती वळली आणि गेली. साध्वींसाठी म्हणून मुद्दाम शिजवलेलं अन्न साध्वींना चालत नाही. घरच्यांसाठी केलेल्यातलं चिमूटभर घ्यायचं, असा नेम. जासूदबेन हा नेम दुधाच्या दातांपासून ऐकत आली होती. पण आईला थोडी सूट असेलच की, असं तिला कुठंतरी वाटत होतं.

मग तिनं डोकं चालवलं. आठवडाभरानं औषधाच्या दुकानवाल्याचं पाच जणांचं कुटुंब जेवायला बोलावलं. आता विचार म्हणावं, माणसं किती! मयणानं विचारलंही, आणि पाहुण्यांकडे बघून पात्र पुढे केलं.  जासूदबेननं वेढमी उचलली, पात्राच्या काठापर्यंत नेली, आणि नेमकं तेव्हाच तिच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही.

“घे गं, तुझ्यासाठी वेलदोडा जास्त घातलाय.”

थोराड साध्वीनं पात्रावर हात धरला. मयणा खाली बघत राहिली. वेढमी जासूदबेनच्या हातातच राहिली आणि त्या दिवसापासून ते घर साध्वींच्या गोचरीच्या, म्हणजे भिक्षेच्या, वाटेतून गळलं.

नवऱ्याचं, वाडीलालभाईंचं, मात्र उखळ पांढरं झालं. बायको रोज आशेनं रांधायची, रोज कुणी यायचं नाही, आणि रोज ते सगळं हे संपवायचे. त्यांच्या सदऱ्याची खालची दोन बटणं आता लागेनाशी झाली होती.

तर त्या चौथ्या दिवशी, साध्वीजी गेल्यावर, धीरजबेन पदराला हात पुसत समोर आली.

“भाभी, आज दोन पोळ्या घेतल्या हो महाराजसाहेबांनी!”

“कुठल्या? करपलेल्या?”

“करपलेल्याच. मी म्हटलं, महाराजसाहेब, दुसऱ्या टाकते. तर म्हणे, नको, ह्याच द्या. आणि डाळ.”

“तुझी डाळ? पात्रात राहिली का गं, की गळून गेली?”

धीरजबेन खो खो हसली. तिला राग येत नसे, हा तिचा आणखी एक गुन्हा. “तुम्ही हसा भाभी, पण माझ्या हातात काहीतरी पुण्य असणार. नाहीतर एवढ्या सुगरणी सोडून माझ्याकडेच कशाला आल्या असत्या?”

जासूदबेन घरात गेली आणि तिनं पितळेचा डबा असा आपटला की आतल्या खाकऱ्यांचा भुगा झाला. लोकांना वाटतं मत्सर परक्यांचा होतो. खोटं आहे ते. मत्सर होतो तो रोज जिला वाटीभर ताक दिलंय तिचा. जासूदबेनला त्या क्षणी धीरजबेनच्या घराची चूल विझावी, पीठ आळ्यांनी भरावं असं मनापासून वाटलं. एवढं वाटल्यावर माणूस काहीतरी करतोच.

दुसऱ्या दिवशी गोचरीच्या वेळी ती पाण्याचा लोटा घेऊन धीरजबेनच्या ओट्यावर जाऊन बसली. म्हणे पाय दुखतात, जरा बसते. शेरीच्या टोकाला पांढरी वस्त्रं दिसली, आणि जासूदबेन उठता उठता लोटा कलंडला. उंबऱ्यावर, आतल्या फरशीवर, सगळीकडे पाणी. विहिरीचं, न उकळलेलं, कच्चं पाणी.

“अगं बाई! पाय घसरला,” ती म्हणाली.

कच्च्या पाण्यात असंख्य जीव असतात आणि साध्वींचा पाय त्यावर पडत नाही. मयणा ओल्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली. तिनं पाण्याकडे पाहिलं, रिकाम्या लोट्याकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे. “धर्मलाभ,” एवढंच म्हणून ती परत फिरली. धीरजबेन आत हातात पोळी घेऊन उभीच होती, आणि तिचा तो पडलेला चेहरा बघून जासूदबेनला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी ती वंदनाला उपाश्रयात गेली, तर एक तरुण साध्वी सहज बोलून गेली, “नम्रयशाश्रीजींना आज उपवास घडला. शेवटचं घर मिळालं नाही, गोचरी कमी आली. होतं ते त्यांनी मोठ्या साध्वींना वाढलं. कालही त्यांचा उपवासच होता, आणलेली गोचरी सगळी इतरांना वाढली.”

 भिंतीपाशी मयणा पोथी घेऊन बसली होती, ओठ सुकलेले, गालांची हाडं वर आलेली. जासूदबेन तिच्यासमोर जाऊन बसली आणि कपाळ जमिनीला लावलं.

“मिच्छामि दुक्कडम्, महाराजसाहेब. माझ्या हातून पाप झालं. ते पाणी...”

“पाहिलं मी.”

“माझ्यानं बघवत नाही. त्या धीरजला साधं मीठ कळत नाही, आणि तू... आणि तुम्ही तिचं घेता. माझं का नाही? मी आई आहे ना?”

मयणानं पोथी बंद केली. तिचा आवाज हळू होता, पण त्यात राग नव्हता.

“त्या घरी माझी वाट कुणी पाहत नाही, जासूदबेन. म्हणून जाते.”

जासूदबेन घरी आली ती चुलीकडे फिरकलीच नाही. रात्रीचं जेवण तसंही नव्हतं. सूर्य बुडाल्यावर त्या शेरीत कुणी खात नाही. सकाळीही ती गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिली. शेवटी वाडीलालभाईच बोलले.

“स्वयंपाक आहे की नाही आज?”

“कुणासाठी करू?”

“कुणासाठी म्हणजे? मी काय ह्या घरात उंदीर आहे?” वाडीलालभाईंचा आवाज चढला. आयुष्यात तो फारसा चढला नव्हता. “तीन महिने मी उरलेलं खातोय. दुसऱ्यासाठी केलेलं, गोड गोड, तुपात बुडालेलं. पोटात नुसता जाळ झालाय. एक दिवस मला विचार ना, तुम्हाला काय हवंय म्हणून!”

जासूदबेननं त्यांच्याकडे पाहिलं. खरंच, तिनं विचारलं नव्हतं. “काय हवंय?”

“कारलं. बिनगुळाचं. आणि चार पोळ्या.”

हिरवं वर्ज्य असतं ती तिथी नव्हती, भाजी चालत होती. तिनं कारली चिरली, मीठ चोळलं, पिळली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पदरानं पुसत तिनं भाजी परतली, नवऱ्याच्या आवडीची, कडू, कुरकुरीत. पोळ्या केल्या. त्या दिवशी ती दारात जाऊन उभी राहिली नाही. बाहेर कुणाच्या पावलांची चाहूल लागते का, हेही तिनं ऐकलं नाही.

“धर्मलाभ!”

जासूदबेन दचकली. दारात थोराड साध्वी होती, आणि तिच्यामागे मयणा.

“भाजी कुणासाठी केली, बेन?” थोराड साध्वीनं विचारलं.

“ह्यांच्यासाठी,” जासूदबेन म्हणाली, आणि बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे खरं आहे.

मयणानं पात्र पुढे केलं.

जासूदबेननं एक पोळी ठेवली. मग दुसरी. मग भाजीचा डाव उचलला आणि तिचा हात हवेतच अडकला. कारलं! ह्या पोरीनं जन्मात कारलं खाल्लं नव्हतं. लहानपणी तोंडात घातलं की थुंकून टाकायची, ताटाखाली दडवायची, एकदा तर त्यापायी दिवसभर उपाशी राहिली होती. ‘थांबा, गूळ घालते’ हे शब्द जासूदबेनच्या जिभेच्या शेंड्यावर आले. पण गूळ घातला असता तर तो लेकीसाठी घातलेला असता. तिनं दात दातावर घट्ट दाबले आणि कारलं पात्रात वाढलं. सात वर्षांत पहिल्यांदा लेकीला वाढलं, ते हे.

मयणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “धर्मलाभ, जासूदबेन,” म्हणून ती निघून गेली.

थोड्या वेळानं समोरून धीरजबेनची रडवेली हाक आली. “भाभी, आज माझ्याकडे आल्याच नाहीत हो! काय चुकलं असेल माझं?”

जासूदबेनच्या छातीत आनंदाची एक उकळी आली. पाठोपाठ लाज आली, पण आनंद पहिला आला होता, हे तिच्यापासून लपलं नाही. “काही नाही चुकलं गं,” ती म्हणाली. “ये, ताक घेऊन जा.”

वाडीलालभाई जेवायला बसले, तेव्हा ताटात दोनच पोळ्या आणि वाटीच्या तळाशी चार फोडी.

“माझं कारलं?”

“तुमच्या लेकीनं नेलं.”

 “कारलं? मयणानं?” मग बराच वेळ त्यांनी ताटाला हात लावला नाही. शेवटी एक फोड तोंडात घातली, सावकाश चावली. “बेस झालंय गं. उद्या पुन्हा हेच कर.”

“उद्या नाही.”

“का? बाजारात आहेत की भरपूर.”

जासूदबेननं रिकामी कढई स्वतःकडे ओढली. तळाला चिकटलेला खरपूस कडू चुरा बोटानं खरवडून तिनं तोंडात घातला.

“आज ते तुमचं होतं, म्हणून तिला पोचलं,” ती म्हणाली. “उद्या कारलं चिरताना मी तिचीच वाट बघत असेन.”