हळद लागलेली पाने

मी इंग्रजी व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, मी फार भित्रे आहे. पुस्तकाने कशाला भ्यायचे, असे तुम्ही म्हणाल. शाळेतल्या काचेच्या कपाटात माझे आयुष्य गेले असते तर मीही तसेच म्हटले असते. पण मी दिवस काढले ते वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावच्या एका किराणा दुकानात, गल्ल्याखालच्या फळीवर. आणि माझ्या अगदी शेजारी असायचा रद्दीचा गठ्ठा.

त्या काळी किराणा कागदाच्या पुड्यांत बांधून मिळायचा. वर्तमानपत्रे, मागच्या वर्षीची पाठ्यपुस्तके, सोडवलेले पेपर, सगळे त्या गठ्ठ्यात येऊन पडायचे. सकाळी माझ्याशेजारी टेकलेला भूगोल दुपारी जिऱ्याची पुडी होऊन पिशवीतून निघून जायचा. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. मी सुपातच होते, पण मला कधी हसू आले नाही. पान फाटल्याचा टर्रकन आवाज आला की माझी शिवण आतून आवळायची.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. मॅट्रिकच्या वर्षी बंडूजींनी मला विकत घेतले. इंग्रजीत ते एकदा नापास झाले, वडिलांनी या दुकानावर बसवले, आणि शिक्षण तिथेच संपले. माझ्यावरचा लोभ मात्र संपला नाही. दर दिवाळीला ते मला वर्तमानपत्राचे नवे कव्हर घालत. दुकानात दुसरीही दोन-तीन आवडती पुस्तके होती, पण हाताशी मीच लागायचे. कारण होते डोमाजी.

डोमाजी बंडूजींचे शाळेच्या बाकावरचे मित्र. केळझरच्या वाटेवर त्यांची शेती होती. दिवसभर कपाशीत राबून संध्याकाळी ते दुकानाच्या ओट्यावर येत आणि दोघांचे इंग्रजीवरून भांडण जुंपे. 'आय'च्या पुढे काय लावायचे, यात बंडूजी 'शॅल'च्या बाजूचे, डोमाजी 'विल'च्या.

"साहेब गेला, बंडू, आता तुह्या शॅलचं काय लोणचं घालतं?" डोमाजी म्हणत.

"कायदा साहेबासंगं जात नाई. पुस्तकात पाय," असे म्हणून बंडूजी मला उघडत. डोमाजी वाचत आणि म्हणत, "पुस्तक चुकलं हाय." तीस वर्षांत ते एकदाही 'हो' म्हणाले नाहीत. तो तासभर तेवढा मला भीती वाटत नसे.

प्रमिलाबाई, म्हणजे बंडूजींच्या पत्नी, आतल्या खोलीत असत. त्यांना भांडण ऐकू येई, पुस्तक दिसत नसे. त्यांना वाचता येत नव्हते, आणि कोणत्या पुस्तकावरून आपला नवरा रोज भांडतो हे त्यांना कोणी कधी सांगितलेही नाही.

सत्त्याण्णव साली पोळा तोंडावर आला आणि बंडूजींच्या छातीत कळ उठली. त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. लेक छाया हिंगणीहून येऊन बापाजवळ राहिली आणि सणाची गर्दी म्हणून प्रमिलाबाईंनी दुकान सांभाळले. गूळ, हळद, जिरे, खसखस. पोळ्याच्या दिवशी सकाळीच रद्दी संपली. प्रमिलाबाईंचा हात गल्ल्याखाली आला. वर्तमानपत्राचे कव्हर त्यांच्या बोटांना लागले.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर सिंदीचे स्टेशन हादरले असते. टर्रकन पहिले पान गेले. मग दुसरे. त्या बिचाऱ्या घाईत होत्या, डोळ्यांखाली जागरण होते, हातात माप होते. हळदीची एक पुडी, जिऱ्याची एक पुडी. आता कोणते, आता कोणते, एवढेच मी मोजत राहिले.

डोमाजी जिरे घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासाठीही पान फाटलेच होते. त्यांनी पुडी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि उभ्या उभ्या त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, हे काय करून राह्यल्या? हे तर बंडूचं पुस्तक हाय."

"कोणतं पुस्तक, भाऊजी? रद्दीत होतं ना."

"आमी भांडतो ते."

प्रमिलाबाई मापासकट खाली बसल्या. म्हणाल्या, "डाक्टरनं सांगतलं, त्याइले जरा बी धक्का बसू देऊ नका. आता मी काय करू?"

डोमाजींनी पानांचे आकडे पाहिले. सतरा पाने गेली होती.

आमच्या सिंदीला तान्हा पोळा मोठा भरतो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे काहीतरी खाऊ मिळतो. त्या दिवशी प्रमिलाबाई सकाळपासून दारात उभ्या राहिल्या. बैल घेऊन येणाऱ्या प्रत्येक पोराला म्हणाल्या, "तुह्या घरी काल आमची पुडी आली न? तिचा इंग्रजी कागद आणजो. खोबऱ्याची वाटी देतो."

मग काय, पोरांनी घरे पालथी घातली. कोणी औषधाच्या बाटलीवरचा कागद आणला, कोणी थोरल्या भावाची इंग्रजीची वही फाडून आणली. प्रमिलाबाईंना त्यातले काही ओळखू येत नव्हते, म्हणून त्या सगळ्यांनाच खोबरे देत होत्या. संध्याकाळी डोमाजींनी ढीग निवडला. पिवळी, तेलकट, चुरगळलेली चौदा पाने माझी निघाली. तीन आली नाहीत. एकाने तर शेजारच्या देवकाबाईंनी चूल पेटवली होती. डोमाजींनी कणकेची खळ करून सगळी पाने जागच्या जागी चिकटवली.

आठव्या दिवशी बंडूजी घरी आले. आयुष्यभर कोणी उघडावे म्हणून झुरलेले मी, आता कोणी उघडू नये म्हणून देवाचा धावा करत होते. या माणसाला काही झाले असते तर ते माझ्या पानांमुळे झाले असते. फाटण्याची भीती मला ठाऊक होती. ही भीती तिच्याहून वाईट निघाली.

संध्याकाळी डोमाजी खाटेजवळ येऊन बसले. बंडूजींनी क्षीण आवाजात शॅलचा विषय काढला. डोमाजी घाबरून म्हणाले, "तू म्हन्तं तेच बराबर हाय, बंडू."

बंडूजींचा चेहरा पांढरा पडला. "काऊन गा, डोमा? तीस वर्सांत तू हो म्हटलं नाई. डाक्टरनं तुले काई सांगतलं का? मी वाचत नाई का?"

त्यांचा श्वास जोरात चालू लागला. आता भांडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. "तसं नाई गा," डोमाजी कसेबसे म्हणाले, "तुह्यं शॅल चूकच हाय."

"मंग पुस्तक आण."

प्रमिलाबाईंनीच मला आणून दिले आणि त्या दाराशी जाऊन चौकट धरून उभ्या राहिल्या. बंडूजींनी मला छातीवर ठेवून उघडले. त्यांच्या काळजाचा ठोका मला ऐकू येत होता. एकशे बारा पान झाले, आणि पुढे एकदम एकशे पंधरा. मधे फाटलेली कड. आजूबाजूला हळद.

ठोका थांबल्यासारखा झाला. मी डोळे मिटले असते, पण पुस्तकाला डोळे मिटता येत नाहीत.

बंडूजींनी पिवळ्या डागावरून बोट फिरवले. मग माझ्यावरून नजर उचलून दाराकडे पाहिले. प्रमिलाबाईंची बोटे चौकटीवर पांढरी पडली होती.  मग त्यांनी नजर खाली आणली आणि घसा साफ केला.

"पान एकशे तेरा," ते म्हणाले, आणि वाचू लागले.

नियम वाचला, त्याखालची उदाहरणे वाचली, एका उदाहरणात छापखान्याची चूक होती तीसुद्धा वाचली. बोट एकशे पंधरावर सरकत होते आणि तोंडातून एकशे तेरावे पान येत होते. डोमाजींना समोर सगळे दिसत होते. 

"नाई पटत मले," ते म्हणाले. "पुन्हा वाच."

बंडूजींनी पुन्हा वाचले. दाराशी प्रमिलाबाईंनी चौकट सोडली आणि पान सापडले असे समजून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

आता दुकानात प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आहेत, पुड्या कोणी बांधत नाही. मी अजून त्याच फळीवर आहे. मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पाने दुमडू नका, हे तुम्हाला गुरुजी सांगतीलच. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या हातात एकदा तुमचे आवडते पुस्तक द्या, आणि हे माझे आहे, एवढे त्यांना सांगा. बंडूजींनी ते सांगायला तीस वर्षे लावली, आणि तेव्हाही सांगितले नाहीच.