एक खाणारी, एक पिणारी

"आज परत पेट्रोल? परवाच टाकलं होतं ना? टाकीत टाकता की अंगणात शिंपडता?"

वहिनींचा हा आवाज भिंतीपलीकडून आला की मी शिलाई मशीनवरचा पाय थांबवतो. खोटं कशाला सांगू? शिवणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. त्यातून माझी मशीन खिडकीशी आणि खिडकी उघडते ती शेजारच्या गवंड्याच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या अंगणात. मग ऐकायचं नाही म्हटलं तरी कसं जमायचं?

गवंड्याची फटफटी त्याच्या लग्नाच्याही आधीची. सकाळी उठला की तिला किक मारायची हे त्याचं पहिलं काम. पाच-सात लाथा खाल्ल्या की ती जागी व्हायची. मग चोक तसाच ओढलेला ठेवून तो तिला गोठ्याच्या कुडाला लावून उभी करायचा आणि आत जाऊन तोंड धुणं, चहा, वर आणखी अर्धा कप चहा, सगळं निवांत उरकायचा. तोवर ही बया अंगणात धडधडत, मधेच एखादा ठोका गाळत, काळा धूर सोडत उभी. इंजिन नीट गरम झाल्याशिवाय हाकली तर गाडीचं आयुष्य घटतं, असं त्याचं ठाम मत. संध्याकाळी कामावरून आला तरी तेच. लगेच बंद केली तर म्हणे तिच्या छातीला धक्का बसतो. मी इस्त्री करून टांगलेले पांढरे सदरे तिच्या धुरानं राखाडी व्हायचे, त्याचं कुणाला काही नव्हतं.

कुडाच्या आत त्याच वेळी वहिनी धार काढायला बसलेल्या असायच्या. त्यांची म्हैस म्हणजे गावात नाव घ्यावं अशी. दुसऱ्यांच्या म्हशींना चुचकारावं लागतं, पुढ्यात पेंड ठेवावी लागते, तरी दूध वर चढवून बसतात. वहिनींनी नुसता हात लावला की पान्हा सुटायचा आणि बादलीत धारा वाजायला लागायच्या. "माझ्या हाताचा गुण आहे," असं त्या हापशावर चार बायकांत सांगायच्या. बायका मुकाट ऐकून घ्यायच्या, कारण दूध खरंच भरपूर होतं. माझा चहाही त्याच दुधाचा.

तर त्या दिवशी पेट्रोलवरून जुंपली.

"लिटरला पंचवीस देते तुमची गाडी. कुणाला सांगायला लाज वाटते," वहिनी म्हणाल्या.

"अन् तुझी म्हैस पाटी पाटी पेंड खाते, ते दिसत नाही तुला?"

"म्हैस खाते, पण देते. ही नुसती पिते. देते काय? धूर! ते काही नाही. येत्या बाजारापर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते. अंगण तरी मोकळं होईल."

गवंड्याचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनी बोलल्या म्हणजे करणार, हे त्याला लग्नापासून ठाऊक. मला त्याची कीव आली आणि हसूही आलं. दोन्ही एकदम येतं, त्याला मी काय करू?

तो तसाच गाडी ढकलत चौकातल्या मेकॅनिककडे गेला. मीही गेलो. काजं-बटणं पडून होती, पण असली गंमत रोज थोडीच घडते?

मेकॅनिकनं कार्बोरेटर उतरवला, फुंकला, पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासला. मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि तो गवंड्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं सिमेंटच्या धुळीत उभी राहणारी गाडी. आत धूळ गेली होती, वर पावसाळी दमट हवा लागली होती. फिल्टर पार दगड झाला होता.

"ही तुझी गाडी श्वास कुठून घेते रे?" मेकॅनिक म्हणाला. "हवा मिळत नाही म्हणून नुसतं पेट्रोल ढोसतेय बिचारी. फिल्टर नाही हा, वीट आहे. घरी ने, भिंतीत बसव."

त्यानं नवा फिल्टर घातला, स्क्रू पिळून इंजिनाचा आवाज ऐकत ऐकत बेताला आणला, आणि गवंड्याला समोर उभं करून दम भरला. "हे बघ, चोक ओढायचा तो चालू होईपर्यंत. झाली चालू की सोडायचा. अन् ते अंगणात तासन् तास धडधडत ठेवायचं एकदम बंद. किक मार अन् नीघ. घरी आलास की बंद कर अन् आत जा."

गाडी सुरू झाली तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, म्हटलं कुणाची दुसरीच सुरू झाली की काय. इतका मऊ आवाज. धूर नाही, ठोका गाळणं नाही. बाजाराच्या आधीच गवंड्यानं मोजून बघितलं. लिटरला पन्नास! ते त्यानं मला खिडकीतून सांगितलं, हापशावर सांगितलं, आणि घरात किती वेळा सांगितलं त्याचा हिशोबच नाही.

"आता बोल," तो वहिनींना म्हणाला. "माझीनं पिणं सोडलं. तुझीचं खाणं कधी कमी होतंय?"

वहिनींना बोलायची सोयच राहिली नव्हती. म्हशीनं दूध देणं थांबवलं होतं.

पहिल्या दिवशी वाटलं, चारा बदलला म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी पेंड दुप्पट घातली. म्हशीनं ती चवीनं खाल्ली आणि पेलाभर दूध देऊन मान फिरवली. रेडकू पुढं आणून बांधलं, पण ते आता वैरण खाणारं झालेलं. त्याच्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. गुरांचा डॉक्टर आला, सगळीकडून दाबून बघितलं आणि म्हणाला, जनावर ठणठणीत आहे, दूध भरलेलं आहे, सोडत नाही एवढंच. एवढं आम्हालाही दिसत होतं.

मग वहिनींचं लक्ष माझ्याकडे वळलं.

"भाऊजी, राग मानू नका. धारेच्या वेळेला तुमची ती मशीन बंद ठेवा. तुमच्या कटकटीनं बिथरते ती."

"वहिनी, अकरा वर्षं कटकट करतोय मी."

"म्हणूनच आता सहन होईना तिला."

बरं म्हटलं. ठेवली बंद. आता सकाळी गवंडी किक मारून सुळकन निघून जायचा, माझी मशीन गप्प, सगळीकडे अशी शांतता की गोठ्यातल्या माशा ऐकू याव्यात. आणि म्हैस दगडासारखी उभी. मी बिनदुधाचा चहा पीत बसायचो आणि मनातल्या मनात वहिनींशी भांडायचो.

वहिनींचं मात्र खरंच वाईट वाटत होतं. त्या हापशावर जायच्या बंद झाल्या. एका संध्याकाळी मी खिडकीतून बघितलं, तर रिकामी बादली शेजारी ठेवून त्या नुसत्या आपल्या तळहातांकडे बघत बसल्या होत्या. गवंड्यानंही ते बघितलं. पन्नासचं नाव त्यानं परत काढलं नाही.

"विकून टाकू तिला," वहिनीच एक दिवस म्हणाल्या. "माझ्या हातात काही राहिलं नाही आता."

"अगं, थांब जरा. देईल."

"भाकड म्हणून किती दिवस पोसायची? मी निरोप धाडलाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जनावरांचा व्यापारी आला. अंगावर ढगळ सदरा, खाली गवंड्याच्या गाडीची थोरली बहीण शोभेल अशी फटफटी. काळा धूर सोडत, ठोके गाळत, धडधडत ती अंगणात शिरली आणि गोठ्याच्या कुडाला लागून उभी राहिली. व्यापारी उतरला, पण गाडी त्यानं तशीच चालू ठेवली.

"बंद केली तर परत सुरू होत नाही," तो ओशाळून म्हणाला. "चोक ओढूनच ठेवलाय. कुठंय म्हैस?"

दाखवायची गरजच पडली नाही. कुडाआड म्हशीनं कान टवकारले, रवंथ थांबवला, मागचे पाय ऐसपैस केले. आणि बघता बघता तिच्या चारही सडांतून दूध ठिबकायला लागलं.

वहिनी उभ्या होत्या तिथून बादली घेऊन धावल्या. धारा वाजायला लागल्या, त्या जुन्या, भरघोस आवाजात. व्यापाऱ्याला वाटलं, गाडीच्या आवाजाचा त्रास होतोय. तो किल्ली फिरवायला वळला.

"बंद करू नका!" गवंडी ओरडला.

"बंद करू नका!" वहिनी गोठ्यातून ओरडल्या.

खिडकीतून मीही ओरडलो. माझ्या चहाचा प्रश्न होता.

बादली फेसानं भरली तेव्हा तिघांच्याही डोक्यात लख्ख उजेड पडला होता. वहिनी बाहेर आल्या, गवंड्याकडे बघितलं, फटफटीकडे बघितलं, आणि पदरानं तोंड झाकून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"झकास म्हैस आहे," व्यापारी म्हणाला. "सांगा, काय द्यायचं?"

"विकायची नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग मला बोलावलं कशाला?"

"चहा घेऊन जा. दूध आहे आज."

व्यापारी गेल्यावर गवंड्यानं आपली गाडी कुडाला लावून सुरू केली. ती मांजरासारखी गुरगुरली. म्हशीनं एकदा मान वळवून बघितलं आणि परत चारा खायला लागली. असल्या किरकोळ आवाजासाठी ती काही करणार नव्हती. वहिनींनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. गवंड्यानं निमूट गाडी बाहेर काढली.

"बिघडवून दे," तो मेकॅनिकला म्हणाला.

"काय करू?"

"होती तशी कर. स्क्रू उलटा पिळ. अन् तो जुना फिल्टर फेकलास काय?"

मेकॅनिकनं दाराकडे बोट दाखवलं. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यानं त्या फिल्टरचा खाली टेकू लावला होता. तो उचलून परत गाडीत बसवताना त्याचं तोंड असं झालं होतं, की मला वाटलं हा आता गॅरेजच बंद करतो. "मी आजवर असं काम केलेलं नाही," असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र तोही हसला.

आता गाडी लिटरला पंचवीसही देत नाही. गवंडी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. काम लांबच्या गावाला असलं की तो चक्क दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून जातो, कारण धारेच्या वेळेला फटफटी घरी हवी. तिच्या पेट्रोलचा कॅन आता वहिनी पेंडीच्या पोत्याशेजारी ठेवतात, आणि संपत आला की स्वतःच भरून आणवतात. मला मशीन चालवायची परवानगी परत मिळालीय. वहिनींनी माफी मात्र मागितली नाही, त्याचं मला अजून लागतं.

परवा गवंडी असाच दुसऱ्याच्या गाडीवरून घरी आला, तर वहिनी अंगणात पदर खोचून उभ्या आणि फटफटीला किक मारतायत. तिसऱ्या किकला ती धडधडली, धूर थेट माझ्या सदऱ्यांकडे निघाला. वहिनींनी तिच्या टाकीवरून मायेनं हात फिरवला. "शहाणी गं माझी ती," त्या म्हणाल्या.

गवंडी दारात उभा राहून बघत होता.

"इतकी वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला, "माझ्या पाठीवरून कधी असा हात फिरवला नाहीस."

वहिनींनी बादली उचलली आणि गोठ्याकडे जाता जाता मागं न बघताच म्हणाल्या, "ती पिते, पण देते. तुम्ही नुसता चहा पिता."