वरच्या टोकाचं रीडिंग

काटा एकशेनव्वदवर असतानाच मला पहिला ठोका ऐकू आला.

मी रक्तदाबाच्या पट्ट्यातली हवा पूर्ण सोडली, पुन्हा फुगवली, पुन्हा हळूहळू सोडली. पुन्हा एकशेनव्वद. ठोके थांबले ते एकशेचौदाला.

"बोल," अण्णा म्हणाले. त्यांचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता.

"एकशेनव्वद, एकशेचौदा."

आमच्या घरात एकाने आकडा म्हटला की दुसऱ्याने तो परत म्हणायचा, ही रीत होती. अण्णा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. पंपांच्या आवाजात शेजारचं माणूसही ऐकू येत नसे. म्हणून एकाने गेजसमोर उभं राहून रीडिंग मोठ्याने वाचायचं, वही धरणाऱ्याने ते परत म्हणायचं आणि मगच पेन टेकवायचं. ऐकू आलं नाही तर 'परत' म्हणायचं. तोंडाकडे बघून अंदाज करायचा नाही. परत न म्हटलेलं रीडिंग घेतलेलंच नाही असं धरायचं. अण्णांनी ही रीत घरी आणली होती. बाहेर निघताना ते दारातून विचारायचे, "गॅस?" आई आतून म्हणायची, "गॅस बंद." "मागचं दार?" "मागचं दार लावलं." मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं करतात.

त्या दिवशी अण्णांनी आकडा परत म्हटला नाही. त्यांनी दंडाचा पट्टा सोडला आणि यंत्राची तबकडी उजेडाकडे धरली.

"वरच्या टोकाला चुकतंय हे. आताच तुझ्या आईचं घेतलंस ना? किती आलं?"

"एकशेतीस."

"मग? खाली बरोबर, वर चूक. स्प्रिंग थकली की असंच करतं."

"डॉक्टरांच्या यंत्रावर एकदा बघू या का?"

"आधी यंत्र बघायचं, मग माणूस. रीडिंग वाकडं आलं म्हणून लगेच प्लँट बंद करत नसतात, शकू."

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तुम्हालाच एकदा खोलून बघितलं पाहिजे. आत नुसते काटेच असतील."

"आणि सगळे बरोबर असतील, झुंबर," अण्णा म्हणाले. त्यांनी खणातून पिवळं लेबल काढलं. निवृत्त होताना असल्या लेबलांचा एक गठ्ठाच ते घेऊन आले होते. 'तपासणी बाकी. वापरू नये.' खाली सही, तारीख. लेबलाची दोरी त्यांनी यंत्राच्या रबरी नळीला बांधली आणि ते शर्ट घालायला गेले. मी यंत्र कपाटावर ठेवलं.

आम्हाला पालघरला जायचं होतं. कॉम्प्युटर जोडून देणारा देवू दुसऱ्या दिवशी मुंबईला सामान आणायला जाणार होता, आणि अण्णांच्या कॉम्प्युटरची यादी आज त्याच्या हातात पडली नसती तर काम आठवड्यावर गेलं असतं.

कॉम्प्युटरचं खूळ माझ्यामुळे शिरलं. मी पालघरच्या कॉलेजात ग्रंथपाल. आमच्याकडे एका मासिकाबरोबर विमान चालवण्याच्या खेळाची सीडी आली होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात अण्णा मला डबा द्यायला आले आणि पडद्यासमोर थबकले. पडद्यावर विमानातली सहा घड्याळं होती. "हे उंचीचं म्हणजे आपलं हवेच्या दाबाचं गेज," ते म्हणाले. "आणि हे वेगाचं म्हणजे दोन दाबांतला फरक. शकू, हे तर आपलंच काम आहे की!" जन्मात विमानात न बसलेला माणूस, त्या दिवशी डबा हातात धरून दोन तास तिथे बसला. फक्त एक गोष्ट त्यांना सहन झाली नाही. कॉलेजचं यंत्र जुनं होतं. विमान वर चढताना उंचीचा काटा अडखळायचा, उडी मारायचा. "असा काटा मी एक दिवस प्लँटवर ठेवला नसता," असं ते घरी येऊन आईला सांगत होते.

मग त्यांनी ठरवलं. काटा अडखळणार नाही असं यंत्र. वर्षभर मी मासिकं आणत होते, वाचून दाखवत होते, अण्णा वहीत उतरवून घेत होते. त्या खेळाच्या पुस्तकातलं एक वाक्य मी त्यांना मराठीत करून सांगितलं होतं: ढगात शिरल्यावर आपलं शरीर काय सांगतं त्यावर विश्वास ठेवू नका, यंत्रांवर ठेवा. त्यावर ते खूप हसले होते. "उलटंच आहे यांचं! आम्ही आधी यंत्रावर संशय घेतो."

देवूचं दुकान स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर. जिना उभा होता. मी मागून चढत होते आणि अण्णांच्या पाठीकडे बघत होते. अर्ध्यावर ते थांबले. भिंतीवरची जुनी जाहिरात वाचल्यासारखं केलं. मग चढले.

"या काका, इमानवाले!" देवू पालघरजवळच्या माहीमचा, जाडजूड, कायम हसरा. "आज काय ता एकदाचा ठरवून टाका. वरीस झाला, माझे घरचे पण इचारतात, काकांचा इमान उडला का?"

"उडेल. आधी ते कार्ड दाखव."

देवूने काचेच्या कपाटातून खोका काढला. "ह्या थ्रीडी कार्डावर समिंदर असा चमकतो काका, आमच्या माहीमचा पण तवडा चमकत नाय."

"समुद्र मला काय करायचाय? काटा कसा चालतो?"

"काटा?" देवूने माझ्याकडे पाहिलं. "ताई, लोक डोंगर बघाला घेतात, ढग बघाला घेतात. तुमचे बाबा घड्याळा बघाला घेतात."

"तू चालवून दाखव."

देवूने दुकानातल्या यंत्रावर चालवून दाखवलं. अण्णा खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले. काटा हलला. सहाशे, सातशे, आठशे फूट. "अडखळला," अण्णा म्हणाले. "परत चालव."

"मला नाय दिसला अडखळलेला."

"आठशेपन्नासला. परत."

मला काटा दिसत नव्हता. मला अण्णांचा वरचा ओठ दिसत होता. जानेवारी होता, पंखाही बंद होता, आणि ओठावर घामाचे बारीक थेंब होते.

मग ठरत गेलं. पेंटियम टू, त्यातला सगळ्यात वरचा. एकशेअठ्ठावीस एमबी रॅम. देवू म्हणाला, चौसष्टमध्ये भागतं, अण्णा म्हणाले, भागवायचं नाही. सतरा इंची मॉनिटर. प्रत्येक वस्तूला मी यादीतलं नाव वाचत होते, देवूला अण्णांनी ते परत म्हणायला लावलं होतं आणि तो शाळेतल्यासारखा ओरडून म्हणत होता. पॉवर सप्लायपाशी अडलं.

"हा घ्या, हलका. चालतो सगळ्यांचा ह्याच्यावर," देवू म्हणाला.

"चालेल. पण रोज शेवटच्या दमावर चालेल," अण्णा म्हणाले. "तसं चालवू नये देवू. कुठल्याच यंत्राला. एक दिवस न सांगता बसतं. मोठा लाव, आणि मागे अजून एक पंखा."

ते हे म्हणाले तेव्हा त्यांचा उजवा हात जॉयस्टिकवर होता. डावा हात शर्टाच्या दुसऱ्या बटणावर होता, आणि तळवा छातीवर हळूहळू फिरत होता, कपड्याला इस्त्री केल्यासारखा.

"अण्णा, पाणी देऊ?"

"दे."

अण्णा पाणी प्यायले. देवूला म्हणाले, "जोडताना मला बोलव. मी आल्याशिवाय चालू करायचं नाही."

"तुमच्याबिगर कोणाची हिंमत हाय?" देवू म्हणाला.

एसटी स्टँडवर घरी जायची बोईसरची गाडी लागायची होती. अण्णा बाकावर बसले, नेहमीसारखे नाही, एका हाताने बाक धरून. मी उभी राहिले. रस्त्यापलीकडे दवाखान्याची पाटी होती. पाटीवर हृदय आणि मधुमेह असे शब्द होते. बाहेर बाकड्यावर तीनच माणसं होती. मी ती मोजली. रस्ता रुंद नव्हता. अण्णांना धरून पलीकडे न्यायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

मला फक्त बोलायचं होतं. अण्णा, तुमच्या छातीत दुखतंय. एवढंच. पण मी ते म्हटलं असतं तर अण्णांना ते परत म्हणावं लागलं असतं, त्यांच्याच रीतीने. आणि मग ते खरं रीडिंग झालं असतं. तोवर ते नुसतं माझ्या डोळ्यांत होतं, आणि डोळे चुकू शकतात. मी सत्तावीस वर्षांची होते, हजारो पुस्तकं माझ्या हाताखालून गेली होती, आणि त्या बाकासमोर मी अंधारात जिना उतरणाऱ्या पोरीसारखी घाबरले होते.

अण्णांनी वर पाहिलं. "काय गं?"

"काही नाही."

"गाडी लागली बघ," ते म्हणाले.

संध्याकाळी ते पिठलं-भाकरी जेवले. मग वही घेऊन उड्डाणाआधीची यादी सुवाच्य अक्षरात उतरवत बसले. आईला म्हणाले, "शकू वाचेल, तू परत म्हणायचंस. मी चालवणार."

"मला नाही विमानात बसायचं," आई म्हणाली. "मला चक्कर येते."

सकाळी सहाला नळाला पाणी आलं. अण्णा हंडा लावायला मागे गेले. हंडा भरून वाहायला लागला तरी नळ बंद झाल्याचा आवाज आला नाही, म्हणून आई बघायला गेली.

अण्णांच्या तेराव्यानंतर विश्रामकाका आले. शिरगावचे, कारखान्यात अण्णांबरोबर वही धरायचे. निघताना मी कपाटावरचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. "कारखान्यात तपासून आणाल का? वरच्या टोकाला."

चार दिवसांनी ते ओटीवर उभे राहिले. अण्णांचं पिवळं लेबल काढून त्यांनी हिरवं बांधलं होतं.

"शकू, शंभरला शंभर. दीडशेला दीडशे. दोनशेला एकशे नव्व्याण्णव. ह्याच्यात दोष नाय. कोणी सांगला तुला, दोष हाय म्हणून?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. मग चपला घालून गेले.

देवूला मी निरोप पाठवणार होते की सामान नको. निरोप लिहूनही झाला. आईने कागद बघितला.

"येऊ दे," ती म्हणाली. "त्यांनी निवडलंय एकेक."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी देवू रिक्षातून खोकी घेऊन आला. हसला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जिथे अण्णांचा हात पडला होता तिथेच, त्याने सगळं जोडलं. मागे जास्तीचा पंखा लावला आणि मला दाखवला. खेळ यंत्रात भरला, जॉयस्टिक तपासली. शेवटी बटणापाशी थांबला.

"चालू मी नाय करत, ताई. काकांना शब्द दिलेला." पिशवी उचलून तो चहा न घेता गेला.

मी बटण दाबलं. पंखे घुमू लागले. पडद्यावर धावपट्टी आली आणि खाली सहा घड्याळं. आई हात पुसत आली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिने अण्णांची वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

"वाच," ती म्हणाली.

"ब्रेक लावलेला."

"ब्रेक लावलेला."

"इंधन दोन्ही टाक्या."

"इंधन दोन्ही टाक्या."

"उंचीचा काटा जागेवर."

आईने पडद्याकडे वाकून नीट पाहिलं. "उंचीचा काटा जागेवर."

यादी संपली. मी ब्रेक सोडला. कॉलेजात अण्णांच्या मागे उभं राहून जेवढं पाहिलं होतं तेवढंच मला येत होतं. धावपट्टी सरकू लागली. वेगाचा काटा साठाच्या पुढे गेल्यावर मी जॉयस्टिक ओढली. नाक उचललं गेलं. शंभर फूट, दोनशे, पाचशे. काटा तेलातून सरकावा तसा सरकत होता. मी आठशेपन्नासची वाट पाहत होते. आठशे. आठशेपन्नास. नऊशे. कुठे अडखळला नाही.

"नीट चाललाय ना?" आईने विचारलं.

"नीट चाललाय."

मग पडदा पांढरा झाला. ढग. जमीन गेली, क्षितिज गेलं. वर चाललोय की खाली ते कळेना. फक्त सहा काटे होते, आणि जे होतं ते सांगत होते.

"आई," मी म्हटलं. पुढचं मी इतकं हळू बोलले की ते पंख्यांच्या आवाजात गेलं. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला कदाचित कळलं असावं. पण अंदाज करायचा नाही, हे तीही सव्वीस वर्षं ऐकत आली होती.

"परत," ती म्हणाली.

मी जॉयस्टिक सोडली नाही. मोठ्याने म्हटलं, "स्टँडवर अण्णांच्या छातीत दुखत होतं. मला दिसत होतं. समोर दवाखाना होता. मी घाबरले, आणि बोलले नाही."